सातवीला जोडलेली बारावी

लातूर
२८ नोव्हेंबर १९९३

प्रिय हुस्ना,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी होत्या, पण तू बरी आहेस एवढं कळलं, बस झालं. तुला किल्लारीकडच्या कॅम्पात पाठवलंय हे मला कंधारहून आईनं कळवलं होतं. तिला तुझ्या अम्मींनी सांगितलेलं.

आम्ही सगळे आहोत. स्वयंपाकघराची भिंत फाटलीय, आरपार हात जातो. श्रीमंतरावांचं शिरूर अनंतपाळचं शेतातलं घर उभं आहे, पण सासूबाई कुठल्याच छताखाली जायला तयार नाहीत. अंगणात ताडपत्री बांधलीय, तिच्याखाली झोपतो. दिवाळी झाली असं कॅलेंडरवर दिसतं.

क्लास सुरू झाला. क्लासचे मालक अण्णाराव सरांनी पत्र्याची शेड मारली. "पत्रा पडला तर खोक पडंल मॅडम, माणूस मरत न्हाई," म्हणतात. परवा मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या शिकवल्या. पहिली वासाची, दुसरी नजरेची, अशा. पोरं ओरडून पाठ करतात. त्यातल्या दोघांची गावंच उरली नाहीत. तीही ओरडत होती.

एक सांगते, हसू नकोस. मला अजून जमीन हलल्यासारखी वाटते. सकाळी उठले की, फळ्याकडून पोरांकडं वळले की. सासूबाईंनाही वाटतं, शेजारपाजाऱ्यांनाही वाटतं. आणि डाव्या कानात सारखं गुं गुं होतं. पत्र्याखाली ओरडून ओरडून झालं असेल.

तुझी,
उज्वला


नांदेड
१० डिसेंबर १९९३

उज्वला,

हसले नाही. हसायला ताकद लागते.

कॅम्पातून परत आले ती थेट वॉर्डात. ओपीडीत रोज माणसं येतात, "डॉक्टरीणबाई, भुई हालून राहिली." आम्ही बीपी बघतो, धीर देतो, पुढचा पेशंट बोलावतो. तुझंही तेच. कानासाठी वाफ घे, आवाज सांभाळ, आणि जमेल तेव्हा झोप.

तू नसांचं लिहिलंस म्हणून सांगते. वॉर्डात एक लक्ष्मम्मा आहे, तिच्या डोक्यात तुळई पडली. सहाव्या नसेला मार बसला. ही नस एवढीशी, तिचं काम एकच: डोळा बाहेरच्या बाजूला फिरवायचा. ती गेली आणि उजवा डोळा नाकाकडं ओढला गेला, म्हणून तिला एकाचे दोन दिसतात. मी म्हटलं, आजी, एका डोळ्यावर पट्टी बांधते, त्रास कमी होईल. नको म्हणाली. तिला दोन नातू होते, त्यातला एक राहिला. तो पलंगाशेजारी बसून असतो. "दोन दिसू दे बाई," म्हणाली, "पट्टी नगं."

मी केसपेपरवर लिहिलं, पट्टीस नकार. आणखी काय लिहिणार?

सासूबाईंना माझा सलाम सांग.

हुस्ना


लातूर
९ जुलै १९९५

प्रिय हुस्ना,

दीड वर्ष झालं, धड पत्र नाही. ईदचं कार्ड टाकलं आणि वाटलं, लिहिलं. राग नको धरू. इथं श्वास घ्यायला वेळ नाही. आता शेड नाही, दोन मजले झालेत. देगलूरपासून पोरं येतात. गल्लीतल्या घराघरात खोल्या भाड्यानं गेल्या, जिन्याखालीसुद्धा एक पोरगी राहते. बारावीच्या मार्कांवर मेडिकल, त्यामुळं आईबाप रडत येतात आणि रडत जातात. मी सकाळी दोन बॅचेस घेते, संध्याकाळी एक.

गंमत सांगते. परवा आईला फोन करायला एसटीडी बूथवर गेले. रिसीव्हर कानाला लावला तर काहीच नाही. म्हटलं, लाईन बंद आहे. बूथवाला म्हणतो, "मॅडम, लाईन चालू हाय की, आवाज भाईर येऊन राहिला." दुसऱ्या कानाला लावला तर आई हॅलो हॅलो करून दमलेली. माझा डावा कान गेलाय हे मला बूथवाल्यानं सांगितलं. पोरं डावीकडून प्रश्न विचारतात आणि मी उत्तर देत नाही, म्हणून मला गर्विष्ठ म्हणतात.

चालताना तोल जातो. मागच्या बाकावरचा एकजण माझी चाल करून दाखवतो, मी पाहिलं. सासूबाई म्हणतात, भूकंप हिच्या पायात राहिला. डावा गालही दाढेला इंजेक्शन दिल्यासारखा वाटतो. दाढ किडली असेल. सुट्टी लागली की दाखवीन.

तुझं एम.डी. कुठवर आलं? अम्मी स्थळं बघून थकल्या म्हणे.

उज्वला


नांदेड
१३ जुलै १९९५

उज्वला,

पत्र हातात आल्या आल्या लिहितेय. दाढेचं सोड.

भूकंपाला दोन वर्षं होत आली. बाकीच्यांची जमीन थांबली, तुझीही थांबायला हवी होती. कान डावा, गाल डावा आणि वर तोल जातो, हे मला बरं दिसत नाही. खालचं सगळं कर आणि मला लिही. नीट डोळ्यांनी बघून कर, पाठ म्हणू नकोस.

फिजिक्सच्या लॅबमधून नादकाटा आण. गुडघ्यावर आपटून कपाळाच्या मधोमध टेकव. आवाज कुठल्या कानात जातो? कानात मळ असला किंवा पडद्याचा दोष असला तर आवाज खराब कानाकडं जातो. नसच खराब असेल तर चांगल्या कानाकडं. ही तुझी आठवी.

मग कुणालातरी हात धुऊन कापसाची बारीक वात करायला सांग. तू वर छताकडं बघायचं. त्यांनी बाजूनं वात आणून बुबुळाच्या कडेला अलगद टेकवायची. समोरून आणू नये, दिसलं की पापणी आपोआप मिटते. स्पर्श पाचवीला कळतो, पापणी सातवी मिटवते. दोन्ही डोळे बघ.

आरशासमोर कपाळाला आठ्या घाल. डोळे घट्ट मिट, दात दाखव, गाल फुगव. खांदे वर उचल. 'आ' करून पडजीभ मधोमध वर जाते का बघ. जीभ बाहेर काढ, ती सरळ येते का? डोकं न हलवता डोळे चारी बाजूंना फिरव. लवंग एकेका नाकपुडीनं हुंग.

लवकर लिही.

हुस्ना


लातूर
१९ जुलै १९९५

प्रिय हुस्ना,

सगळं केलं. इतकी वर्षं शिकवते, पण नादकाटा कधी कपाळाला लावला नव्हता.

श्रीमंतरावांनी कापसाची वात डोळ्याजवळ आणली आणि परत मागं घेतली. सासूबाईंनी ती काढून घेतली. "सर तिकडं. पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढलेला हात हाय ह्यो." मी छताकडं बघत होते. उजव्या डोळ्याला वात लागली आणि मी दचकले. मग थांबले. वाट बघत होते. मी म्हटलं, अहो लावा ना. परत म्हटलं, लावा. तेव्हा म्हणाल्या, "कवाची लावून धरली हाय की गं. पापणी हालंना."

मग त्या श्रीमंतरावांवरच ओरडल्या, बघत काय बसलास, कुकर बंद कर.

नादकाट्याचा आवाज उजवीकडं गेला. आरशात डावी पापणी उजवीपेक्षा उशिरा मिटते, अगदी थोडी. मला माहीत नसतं तर दिसलं नसतं. बाकी जीभ सरळ, खांदे ठीक, पडजीभ ठीक, डोळे फिरतात, एक दिसतं, लवंगेचा वास दोन्हीकडं येतो.

आता तू सांग. नको, सांगू नकोस. फळ्यावर लिहिण्याइतकं मला कळलंय. आठवी गेली, पाचवी निघालीय, सातवीनं नुकती मान टाकलीय.

उज्वला


नांदेड
२३ जुलै १९९५

उज्वला,

ये. श्रीमंतरावांना सोबत घे. मी आमच्या वॉर्डाच्या सरांना सांगून ठेवलंय. इथं तपासतील आणि स्कॅनसाठी हैदराबादला पाठवतील.

या तिन्ही नसा मेंदूच्या देठाशी ज्या कोपऱ्यात जवळजवळ असतात, तिथं जी गाठ होते ती बहुधा कॅन्सरची नसते आणि हळू वाढते. हे खरं आहे, तुझी समजूत घालायला लिहीत नाही. पण कवटीत तिला फार जागा नाही, हेही खरं.

हुस्ना


लातूर
२० नोव्हेंबर १९९५

प्रिय हुस्ना,

तू नांदेडच्या स्टेशनवर जे बोललीस ते मी ऐकलं नाही, कारण तू माझ्या डावीकडं उभी होतीस. नंतर गाडीत श्रीमंतरावांनी सांगितलं. "जे निघेल ते निघेल, पण थांबू नकोस." असंच ना?

निघालं. आठव्या नसेवर गाठ आहे, लिंबाएवढी. हैदराबादचे सर्जन बरे वाटले, उगाच हसत नाहीत. म्हणाले, सातवी नस गाठीच्या अंगावर ताणून पसरलीय, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. वाचवायचा प्रयत्न करू, हमी देत नाही.

ऑपरेशनसाठी मी मार्चपर्यंत थांबतेय. अण्णाराव सरांना सांगितलं तर त्यांनी आधी मला खुर्ची दिली. मग म्हणाले, "मॅडम, तब्येत पहिली. पर परीक्षेपतूर काढता आलं तर बघा की. पोरं तुमच्या नावावर आलीत." वाईट माणूस नाही तो.

सगळ्यांना पोरांचं कारण सांगते. तुला खरं लिहिते. मला माझं तोंड हवंय. रोज इतक्या डोळ्यांसमोर उभं राहायचं आहे. पोरं पुस्तकाकडं नाही गं, तोंडाकडं बघून शिकतात. मी हसले की त्यांना वाटतं, जमेल आपल्याला. आणखी चार महिने ते असू दे.

उज्वला


नांदेड
२५ नोव्हेंबर १९९५

उज्वला,

मी तुला वेडी म्हणणार होते. दोन कागद फाडले.

गाठ मेंदूच्या देठाला टेकलीय. मेंदूतल्या पाण्याची वाट अडली तर तुझ्या मार्चला कुणी विचारणार नाही. सकाळी डोकं ठणकलं, उलटी झाली किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी निघायचं. हे श्रीमंतरावांना मोठ्यानं वाचून दाखव.

बाकी तुझं तोंड, तुझी मर्जी. मी रोज सकाळी वॉर्डात लोकांना सांगते, हे करा, ते करा. अर्धे करत नाहीत. त्यांच्यात तूही एक. मला चीड येते आणि मग फार थकायला होतं.

हुस्ना


हैदराबाद
२ फेब्रुवारी १९९६

डॉ. हुस्नाताईंस,
श्रीमंतचा सप्रेम नमस्कार.

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तुमचं नोव्हेंबरचं पत्र तिनं मला वाचून दाखवलं नव्हतं. ते मला तिच्या पर्समध्ये इथं सापडलं. पहाटे मोरीत जाऊन नळ सोडायची, मला वाटायचं तोंड धुते. उलट्या करत होती. आईला कळलं होतं, पण तिनं आईला माझी शपथ घातली होती.

चोवीस तारखेला वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अक्षरं खाली घसरत गेली आणि ती खाली बसली. पोरांनीच उचलून रिक्षात घातलं. अण्णारावांनी गाडी दिली, ते स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आले. आधी डोक्यातलं पाणी काढलं, मग तीन दिवसांनी गाठ. ऑपरेशन फार वेळ चाललं. गाठ पूर्ण निघाली. कॅन्सर नाही. जिवावरचं टळलं असं सर्जन म्हणाले.

सातवी नस वाचली नाही.

तिला अजून सांगितलेलं नाही, पण तिला कळलंय. काल आरसा मागितला. मी म्हटलं, नर्सला विचारतो. ती म्हणाली, राहू द्या. आणि उजवीकडं तोंड करून झोपली.

तुम्ही येता म्हणालात. या. मला तिच्याशी काय बोलावं सुचत नाही.

आपला,
श्रीमंत


लातूर
१८ एप्रिल १९९६

प्रिय हुस्ना,

अक्षर वाकडं आहे, तोल अजून आलेला नाही. तुझी चारही पत्रं मिळाली. उघडली नव्हती, आज उघडली.

तू हैदराबादला येऊन बसलीस तेव्हा मी बोलले नाही. काय बोलणार? शब्द तोंडातून डावीकडं सांडत होते.

डावा डोळा मिटत नाही. झोपताना पट्टी चिकटवते, दिवसा तासातासाला थेंब घालते. त्या डोळ्याला खडा गेला तरी कळत नाही, म्हणून सासूबाई सकाळी माझी हनुवटी धरून उजेडात डोळा तपासतात. पाणी पिताना ओठ बोटांनी धरावा लागतो. उजवी बाजू हसते आणि डावी तिच्याकडं ओढली जाते, म्हणून मी उजवीलाही हसू देत नाही.

निकाल लागायचाय. अण्णाराव सर येऊन गेले. माझ्याकडं बघायचं नाही असं ठरवून आल्यासारखे चहाच्या कपाकडं बघत होते. म्हणाले, घरी बसून नोट्स लिहा, पगार चालू ठेवतो. मी हो म्हटलं.

तू लिहिलेलं ते चेहऱ्याचं दुसरं ऑपरेशन मला नको. पुन्हा डोकं भादरायचं, पुन्हा तो वास. ऑपरेशनला माझी ना नाही गं, मी दमलेय. दोन्हींत फरक आहे.

उज्वला


नांदेड
३० एप्रिल १९९६

उज्वला,

फरक आहे. मलाही माहीत आहे. एम.डी.ची परीक्षा झाली, पास झाले, आणि त्या दिवशी घरी जाऊन दुपारभर भिंतीकडं बघत बसले. अब्बांनी पेढे आणले होते, ते मुंग्यांनी खाल्ले.

मी आग्रह करत नाही. फक्त सांगते, कारण सर्जननं तुला घाईत सांगितलं. डोकं उघडायचं नाही. कानाखाली, मानेच्या वरच्या बाजूला छेद घेतात. तुझी सातवी मेंदूजवळ तुटलीय, पण तिचा चेहऱ्याकडचा भाग जागेवर आहे, नुसता मुका झालाय. बारावी नस जीभ हलवते, ती तुझी धडधाकट आहे. ती कापून तिचं टोक सातवीला जोडायचं. जिभेची नस मग हळूहळू चेहऱ्यात वाढत जाते.

मोबदल्यात जिभेची डावी बाजू सुकेल. घास फिरवायला त्रास होईल, 'र' आणि 'ळ' काही दिवस अडखळतील. सहा महिने, आठ महिने काहीच दिसणार नाही. कदाचित कधीच दिसणार नाही. लागू पडलं तरी पहिल्यासारखं हसू येणार नाही. जीभ दाताला दाबली की गाल हलेल, मग ते शिकावं लागेल. डोळा थोडाफार मिटेल. मला त्या डोळ्याची काळजी जास्त आहे.

आणि हे वर्षभरात व्हायला हवं. उशीर झाला तर मुके स्नायू कायमचे मुके राहतात.

नाही म्हणालीस तरी मी दर महिन्याला लिहीनच.

हुस्ना


लातूर
२१ मे १९९६

हुस्ना,

सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लातुरात समदं बारावीवरच हाय म्हन की." हुस्ना, मला हसू आलं. अर्धं. त्यांनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं नाही.

जूनची तारीख घ्यायला सांग.

उज्वला


लातूर
१२ जानेवारी १९९७

प्रिय हुस्ना,

तुझे रोजे सुरू झाले असतील आणि मी तुला खाण्यापिण्याचं लिहिणार आहे. इफ्तारनंतर वाच.

ऑपरेशननंतर पाच महिने रोज आरशासमोर बसले. जीभ दाबायची आणि गालाकडं बघायचं. काही नाही. दिवाळीनंतर आरसा उलटा करून ठेवला. तुला 'सराव चालू आहे' असं लिहीत राहिले. ते खोटं होतं.

परवा वेळा अमावस्येची येळवस झाली. शिरूरला शेतात गेलो होतो. कडब्याची झोपडीसारखी कोपी केली होती, पूजा झाली, माणसं बरीच. मी जेवायला सगळ्यांकडं पाठ करून बांधाच्या बाजूला बसले. लोकांत जेवताना माझं असंच असतं. जिभेचा डावा भाग सुकल्यापासून घास फिरवायला वेळ लागतो, ओठातून गळतं. सासूबाई आपलं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचा उकडलेला उंडा, आंबील. ज्वारी कमरेएवढी उभी होती, वारा होता.

मी जेवत होते. त्यांचा हात तोंडापाशी थांबला.

"थांब."

मी थांबले. वाटलं, ओठावर काही सांडलं. पदर घेतला.

"पुसू नगं. घास घे."

घेतला.

"चाव. हाळू चाव."

मी चावायला लागले. त्या पुढं वाकल्या, अगदी जवळ. त्यांच्या श्वासाला आंबिलीचा वास होता.

"हाललं गं. हितं, व्हटाच्या कोपऱ्यात. आन् डोळ्याखाली बी."

मला काहीच कळत नव्हतं. तो गाल बधिर आहे, आतून कसलीच खबर येत नाही, आणि आरसा घरी उलटा ठेवलेला. मी बोट लावायला गेले तर त्यांनी हात धरला. "बोट लावू नगं, मला बघू दे." मग हाक मारली, "श्रीमंत! इकडं ये रं!" ते पत्रावळ तशीच हातात घेऊन धावत आले आणि उभेच राहिले. हुस्ना, माझ्या तोंडाला काय होतंय ते मला त्या दोघांच्या तोंडाकडं बघून कळत होतं. मी चावले की त्यांचे चेहरे उजळायचे, थांबले की ते वाट बघायचे.

पोट केव्हाच भरलं होतं. सासूबाईंनी आणखी एक उंडा मोडून ताटात टाकला, वर भज्जी घातली आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा माझ्यासमोर नीट बसल्या.

"घे," म्हणाल्या.

मी खात राहिले.

तुझी,
उज्वला